स्टेशनजवळची बाग

“हा कर्नाटक आहे,” मामा म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं. हातगाडीवरचा एक आंबा उचलून देठापाशी नाक नेलं होतं आणि डोळे मिटले होते, एवढंच. आंब्याचा वास देठापाशी घ्यायचा, हे वडिलांनी शिकवलेलं. वास घेऊन झाल्यावर त्यावरून काय ठरवायचं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. त्यामुळं गेली तीस वर्षं मी वास घेतो, डोळे मिटतो, ‘हं’ म्हणतो आणि भाव विचारतो. फळवाल्याला वाटतं, गिऱ्हाईक जाणकार आहे. निदान त्याला तसं वाटतं असं मला वाटतं.

“मग देवगड?”

“देवगड आत्ता नाही माझ्याकडं. आला तरी अजून पंधरा दिवस तुम्हाला परवडायचा नाही. हा सहाशे रुपये डझन. गोड आहे. पण कर्नाटक आहे.”

मामांची गाडी आमच्या कोपऱ्यावर बारा महिने असते. बोरं, पेरू, द्राक्षं, कलिंगडं, आंबे, सीताफळं. अकरा वर्षांत ते मला खोटं बोलल्याचं आठवत नाही. ‘पपई आज नेऊ नका, उद्या या’, ‘सफरचंद शीतगृहातलं आहे, दिसतं तसं लागणार नाही’ असलं काहीबाही ते आपणहून सांगतात. द्राक्षं आंबट आहेत हे कोल्ह्याच्या आधी द्राक्षवाल्यानंच सांगावं, असा दुसरा धंदा मी पाहिलेला नाही.

अशा माणसाचे खरं तर पाय धरावेत. मी काय केलं? आंबा जागेवर ठेवला, ‘बघतो’ म्हणालो आणि रस्ता ओलांडला. सहाशे रुपयांचा गोड आंबा मला नको होता असं नाही. हवाच होता. फक्त तो कर्नाटक आहे हे मला माहीत नसताना हवा होता.

पलीकडं दर एप्रिलात एक मांडव उभा राहतो. मांडवावर फ्लेक्स. फ्लेक्सवर समुद्र, माडाची झाडं, होडी, सूर्यास्त आणि ‘शेतकरी ते थेट ग्राहक – मध्ये कोणी नाही’. आंब्याचं झाड कुठं नव्हतं, पण फ्लेक्सवर किती म्हणून मावणार? आत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक तरुण उभा होता. डोक्यावर गांधी टोपी होती आणि तिची दुकानातली घडी अजून मोडायची होती.

“या साहेब. बघा, हात लावा, वास घ्या. आमचीच बाग.”

“कुठं?”

“देवगडला.”

आता इथं कोणीही थांबेल. पण मी जाणकार ना! मी उलटतपासणी घेतली. “देवगडात कुठं?”

“स्टेशनपासून दहा मिनिटं, साहेब. रिक्षानं.”

माझं समाधान झालं. खोटं बोलणारा माणूस रिक्षापर्यंत जात नाही, असं माझं तेव्हा मत होतं. शिवाय मागं खुर्चीवर एक पोरगा बसला होता. मांडीवर लंबगोल स्टिकरांचं भेंडोळं घेऊन तो एकेका आंब्यावर ‘अस्सल देवगड’ चिकटवत होता. ते मी या दोन डोळ्यांनी पाहिलं आणि मनात काय आलं असेल? प्रत्येक आंब्यावर हातानं स्टिकर! केवढी मेहनत आहे यांची!

“कारपेटचा नाही ना?” मी विचारलं.

“छे छे! गवतातला.”

कारपेट म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. ते घालून फळं पिकवायला देशात बंदी आहे. इथिलीन वायू चालतो, तोही हवेत दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत. पण बाजारात कार्बाइडचं कारपेट झालेलं आहे, आणि माझ्या बाबतीत हा शब्द दोनदा आडवा आलेला आहे. पहिल्यांदा फ्लॅट घेताना. तेव्हा रेरा कायदा यायचा होता. महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं ते २०१७ च्या मे महिन्यात. त्याआधी फ्लॅट विकला जायचा सुपर बिल्ट-अपवर. म्हणजे जिना, लिफ्ट, व्हरांडा, गच्चीचा हिस्सा आणि खाली वॉचमन जिथं खुर्ची टाकून झोपतो ती जागा, हे सगळं माझ्या क्षेत्रफळात धरून त्याचे पैसे घेतलेले. प्रत्यक्षात पाय ठेवायला मिळते ती जागा कार्पेट. बिल्डरच्या ऑफिसात मी ‘कार्पेट किती?’ असं विचारलं तेव्हा तिथल्या मुलीनं खाली, जमिनीवरच्या गालिच्याकडं पाहिलं होतं. थोडक्यात, आंब्यात कारपेट नको असतं तेव्हा ते असतं, आणि घरात हवं असतं तेव्हा नसतं.

भाव चौदाशे रुपये डझन निघाला. मी घासाघीस केली. “तुम्ही म्हणून बाराशे,” असं तो म्हणाला. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं, पण ते कानाला बरं वाटलं. दोन डझनांची पेटी घेतली. चोवीसशे रुपये. पावती? शेतकऱ्याकडं पावती मागणं बरं दिसत नाही.

घरी पेटी फोडणं हा एक सोहळा असतो. आमच्याकडं त्यासाठी पक्कड, ओळंब्याच्या वजनाची एक जुनी लोखंडी पट्टी आणि सल्ले द्यायला चार माणसं लागतात. फळी निघाली. वरच्या थरात आंबे एकाच मापाचे, पिवळसर, देखणे. त्यांच्याखाली गवत. गवताखालचा थर एकदम वेगळ्या इयत्तेतला. वर दहावी-अ, खाली बालवर्ग. तेवढ्यात आमच्या मुलीनं तळाचा कागद उपसला.

“बाबा, हा पेपर कानडी आहे.”

क्षणभर कोणी बोललं नाही. मग मीच बोललो. आणि जे बोललो ते ऐकून माझं मलाच आश्चर्य वाटलं. “रद्दी काय कुठूनही येते. कोकणात रद्दी कुठं एवढी मिळते? लोक तिकडं पेपर जपून ठेवतात.” आमच्या हिनं भर घातली, “सीमाभागातून येत असेल.” देवगड ते सीमाभाग अंतर किती, हे कोणी मोजलं नाही. मुलीनं फोन कागदावर धरला. भाषांतर उमटलं: एका नगरपालिकेची गटाराच्या कामासाठी निविदा सूचना. कामाचं नाव, अंदाजित रक्कम, अनामत, शेवटची तारीख, अटी, सगळं व्यवस्थित. अख्ख्या पेटीत तेवढाच काय तो पारदर्शक व्यवहार होता.

तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी मी ग्राहकाचा विक्रेता झालो. चोवीसशे रुपये गेले होते आणि ते वाया गेले नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी आता माझ्यावर होती. मांडवातल्या त्या पांढऱ्या शर्टवाल्यानं वकील दिला असता तर त्यानंही जेवढी बाजू मांडली नसती, तेवढी मी फुकट मांडली. संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांच्यापुढं फोडी ठेवताना मी म्हणालो, “देवगड. थेट बागेतला.” काकांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, “हं.” त्यांच्या वडिलांनीही त्यांना तेवढंच शिकवलं असणार.

बाजारात असं का होतं, याचा शोध अमेरिकेत लागलेला आहे आणि तोही एका फळावरूनच. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक लेख लिहिला. त्यातलं फळ लिंबू. तिकडं खराब निघालेल्या जुन्या गाडीला लिंबू म्हणतात. आपल्याकडं लिंबू गाडीच्या पुढं टांगतात, तिकडं अख्खी गाडीच लिंबू निघते. अकरलॉफचं म्हणणं असं: गाडी चांगली की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलाच कुठला तरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, तेव्हा चांगल्या गाडीवाला घरी जातो. उरतात लिंबवाले. हा लेख तीन नियतकालिकांनी साभार परत पाठवला. २००१ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. मराठी लेखकांनी यातून काय तो धीर घ्यावा.

मला फक्त एवढंच वाटतं की ते गृहस्थ एप्रिलात गुलटेकडीच्या मार्केटयार्डात आले असते तर लेख आंब्यावर झाला असता आणि दुप्पट लांबीचा झाला असता. कारण आपल्याकडं घेणाऱ्याला कळत नाही इथंच गोष्ट संपत नाही. घेणाऱ्याला कळून घ्यायचंही नसतं. मामांनी मला कर्नाटक सांगून सहाशे मागितले, मी गेलो नाही. मांडववाल्यानं देवगड सांगून बाराशे घेतले, मी वर भाचीच्या डोहाळजेवणासाठी आणखी एक डझन सांगून आलो. हे अकरलॉफच्या कुठल्या समीकरणात बसवायचं?

आणि भाव ठरण्याची तऱ्हा! फळबाजारात हत्ता पद्धत म्हणून एक प्रकार चालत आलेला आहे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. किती बोटं, कुठलं पेर, ते त्या दोघांना ठाऊक. ज्याचा माल तो बागायतदार शेजारी उभा राहून रुमालाची नक्षी बघतो. कायद्याला उघड लिलाव हवा असतो, बोटांना रुमाल हवा असतो. पारदर्शक हा शब्द या देशात ज्यांनी पहिल्यांदा वापरला, त्यांनी बहुधा मलमलीचा रुमाल डोळ्यांपुढं आणला असावा. नाही म्हणायला आपल्याकडं खरोखर पारदर्शक अशी एक वस्तू होती, भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यावर २०१८ साली बंदी आली.

बरं, माहिती देणं या देशाला जमत नाही असंही नाही. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घ्या. त्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, वजन, कधी बनवला तो महिना, सर्व करांसह किंमत, आत काय काय घातलंय ते, तक्रार करायला फोन नंबर, असं सगळं असतं, नव्हे, असावंच लागतं. पुड्यावर बिस्किटापेक्षा मजकूर जास्त असतो. आणि चोवीसशे रुपयांच्या पेटीवर काय होतं? ‘ओम’. बाजूला आंब्याचं चित्र. त्या चित्रातल्या आंब्याला मात्र दोन पानं होती, माझ्या एकाही आंब्याला नव्हती.

पुणेकरांवर मात्र कोणी अपारदर्शकतेचा आरोप करू नये. इथलं दुकान गिऱ्हाइकाला सगळं आधी सांगतं, फक्त काय मिळणार नाही ते सांगतं. सुट्टे मिळणार नाहीत, पिशवी मिळणार नाही, दुपारी आम्ही मिळणार नाही, चौकशी करू नये. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. २०१७ साली त्यांनी ते उघडं ठेवायचं ठरवलं तर वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली. एवढा सरळपणा दुसऱ्या कुठल्या व्यापारी पेठेत आहे? जे दुकान ‘आम्ही तुम्हाला नको आहोत’ असं दारावरच लिहितं, त्याच्याकडून फसण्याची भीती वाटत नाही. फसवायचं तर आधी आत येऊ द्यावं लागतं.

असो. आत्या आली.

माझ्या या आत्याचं सासर देवगड तालुक्यातलं. पन्नासेक वर्षं तिकडं काढून ती आता मुलाकडं पुण्यात राहायला आलेली आहे. तुम्ही म्हणाल, मग घरचाच आंबा का नाही आणत? सासरची सात कलमं आहेत आणि त्यांना हिस्सेदार तेवीस. तिथं आंबा पिकण्याआधी कोर्टाची तारीख पिकते. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऐकायला थोडं कमी येतं. नाक मात्र मूळ कंपनीचं आहे.

मी तिच्यापुढं ताटली ठेवली. आजवर इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते वाक्य आपोआप आलं. “आत्या, घे. देवगड.”

तिनं फोड उचलली नाही. ताटली नुसती पुढून गेली तेवढ्यात म्हणाली, “ह्यो आंबो आमचो न्हय.”

“अगं, खाऊन तर बघ.”

तिनं एक कोय मागवली. (फोडी कशा पाहुण्यांच्या असतात, खरं ते कोयीला लागलेलं असतं.) कोय फिरवून पाहिली, साल दोन बोटांत चुरली. “साल बघ केवढी जाड. गराचो रंग पिवळो. आमचो केशरी असता. गोड हा रे, नाय कोण म्हणता? पण आमचो न्हय.” आणि मग चेहऱ्यावर जराशी कणव आणून, “खंयसून हाडलंस?”

मी सगळं सांगितलं. मांडव, टोपी, बाग. “त्याची स्वतःची बाग आहे, आत्या. देवगडात. स्टेशनपासून दहा मिनिटांवर.”

आत्याला ऐकू कमी येतं, पण हे आलं. आधी ती माझ्याकडं पाहत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर ती पुन्हा हसली.

“देवगडाक टेशन खंय आसा?”

कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. ती देवगडला शिवलेली नाही. जवळचं स्टेशन नांदगाव रोड, नाहीतर कणकवली. तिथून पुढं रस्त्यानं जायचं. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. आत्याकडं लहानपणी मीच एसटीनं, डोकं खिडकीबाहेर काढून, ओकत गेलेलो आहे. पण डझनाचा भाव दोनशेनं उतरला की माणसाचा भूगोल पण उतरतो.

हा आजार आमच्या घरापुरता नाही, हे कळायला मला थोडं वाचावं लागलं. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला. (ज्या नावासाठी एवढी अस्मिता, ते नाव अल्बुकर्क नावाच्या एका पोर्तुगीज अफोन्सोवरून आलं असं सांगतात. त्याच्यावर हक्क सांगायला अजून लिस्बनहून कोणी आलेलं नाही, ही कृपा.) पण मानांकन मिळालं म्हणून पेटीतला कानडी पेपर थोडाच मराठी होतो? तेव्हा देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात नामी उपाय काढला. प्रत्येक आंब्यावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर, काढायला गेलं की फाटणारं, म्हणजे एका आंब्यावरचं काढून दुसऱ्यावर लावता येऊ नये. गिऱ्हाइकानं फोनवरून तो क्रमांक पडताळायचा. म्हणजे आंब्याचं आधार कार्डच.

मला ही कल्पना मनापासून आवडली आणि तिचा धसकाही बसला. पूर्वी पाहुणे जेवायला आले की फोडी खाऊन ‘हं’ म्हणायचे. आता आमच्या जावयानं, म्हणजे धाकट्या मेहुण्याच्या जावयानं, साल कचऱ्यातून उचलून तिच्यावर फोन धरला तर? तीस वर्षं जपलेली जाणकारी एका बीपमध्ये जायची. विक्रेत्यानं पारदर्शक व्हावं असं आपण म्हणतो तेव्हा त्या काचेतून पलीकडं आपणही दिसणार, याचा हिशेब कोणी केलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या गाडीपाशी गेलो. मांडवाकडं न बघता गेलो. मामा आंब्यांवर पाणी मारलेलं फडकं फिरवत होते.

“झाला का देवगड खाऊन?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पेटी घेऊन तुम्ही माझ्यासमोरूनच गेलात की.”

मी मग सगळं ओकलो. कानडी पेपर, गटाराची निविदा, आत्या, स्टेशन. मामा शांतपणे ऐकत होते. स्टेशनपाशी आल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

“किती वेळा सांगितलं त्याला, स्टेशन म्हणू नको, बंदर म्हण! देवगडला बंदर आहे!”

“कोणाला सांगितलं?”

“त्याला. मांडववाल्याला. माझा भाचा आहे तो. बहिणीचा मुलगा.”

अकरा वर्षं मी या माणसाला मामा म्हणत होतो. ते खरोखरच कोणाचे तरी मामा असतील हे डोक्यात आलं नव्हतं. आणि या सगळ्यात मामा कोणाला बनवलं होतं, हे विचारायची गरज नव्हती.

“म्हणजे माल एकच?”

“एकाच टेम्पोतून उतरतो. हुबळीकडचा. तुम्हाला सांगतो साहेब, लपवायचं काय त्यात? पहिली दोन वर्षं मी एकटाच होतो. खरं सांगायचो, गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, ‘बघतो’ म्हणायचं आणि रस्ता ओलांडून जायचं. पलीकडं तेव्हा दुसराच कोणतरी बसायचा. मग बहिणीला म्हटलं, पोरगा रिकामा आहे ना, बसव तिथं. गिऱ्हाईक जाणारच आहे तर घरात जाऊ दे.”

“पण मग तुम्ही तरी खरं का सांगता?”

मामांना प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग ते म्हणाले, “मी बारा महिने बसतो इथं. तो दोन महिने.”

मी काही तरी बोलायला पाहिजे होतं. ग्राहक मंचाचं नाव घ्यायला हवं होतं, आवाज चढवायला हवा होता. ‘ग्राहक पंचायत’ हा शब्द जिभेवर आलाही होता. ती चळवळ आपल्या पुण्यातच तर सुरू झाली. पण पावती नव्हती आणि समोरचा माणूस सगळं कबूल करत होता. जो नाकबूलच करत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं, हे कुठल्याही कायद्यात दिलेलं नाही. शिवाय ढिगातून वास येत होता. मी एक आंबा उचलला. सवयीनं नाकाशी नेला. डोळे मिटणार होतो, पण मामा बघत होते, तेव्हा उघडेच ठेवले.

“कसा डझन?”

“साडेपाचशे. काल सहाशे होता, आज माल जास्त आलाय.”

“दोन डझन द्या.”

मामा आंबे मोजायला लागले. एकेक आंबा तळहातावर घेऊन, हलकेच दाबून, दोन बाजूला काढत, आमच्या पिशवीत ठेवत गेले. चोवीस झाल्यावर वर दोन आणखी टाकले.

“हे दोन कशाला?”

“यातल्या दोनात साका निघेल.”

“कुठल्या दोनात?”

“ते काय बाहेरून दिसतं का, साहेब? दिसलं असतं तर आधीच काढले नसते का मी?” त्यांनी पिशवीचे बंद माझ्या हातात दिले. “कापल्यावर कळेल. आणि हे बघा, घरी आत्याबाईंना सांगा, कर्नाटक आहे म्हणून. नाहीतर परत पाणी आणायला पळावं लागेल.”